रिसेल फ्लॅट घेताना इंजिनिअर न्यावा का? न्यावा, पण आधी त्याला पार्किंगमध्ये उभा करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोथरूडला 22 वर्षांच्या इमारतीत पाचव्या, म्हणजे सगळ्यांत वरच्या मजल्यावरचा दोन बीएचके 1 कोटी 5 लाखांना ठरत आलाय. वकिलांनी सर्च रिपोर्ट दिलाय, बँकेचा माणूस घर बघून गेलाय. न्यूजर्सीतला मेहुणा म्हणतो, इन्स्पेक्शन केल्याशिवाय सही करू नकोस. सासरे म्हणतात, डोळे आपल्यालाही आहेत, नऊ-दहा हजार कशाला घालवायचे?

सासऱ्यांचं अर्धं बरोबर आहे. घरभर फिरून, दोन भिंतींवर टकटक करून "चांगलं आहे, घ्या" म्हणणारा इंजिनिअर नेणार असाल तर ते पैसे वाचवा आणि घरच्यांना मिसळ खायला न्या. पण नीट तपासणी झाली तर उपयोग होतो, आणि तो नेमका कुठे होतो हे सांगायला जरा लांबण लावावी लागेल.

मी सिव्हिल इंजिनिअर. पहिली अकरा वर्षं इमारतींच्या दुरुस्तीची कामं केली, म्हणजे लोकांनी घर घेतल्यावर जे बाहेर आलं ते निस्तरत बसलो. आता तेरा वर्षं घर घ्यायच्या आधी बघायला जातो. माल तोच, फक्त मी आता अलीकडच्या दाराने शिरतो.

आधी बँकेच्या माणसाचं. तो व्हॅल्युअर. तो तुमच्यासाठी येत नाही. फ्लॅट खरोखर जागेवर आहे का, मंजूर नकाशातला तोच आहे का, त्या भागात आज काय भाव चाललाय, उद्या तुमचे हप्ते थकले तर विकून बँकेचे पैसे सुटतील का, एवढं त्याला बघायचं असतं. वीस मिनिटं, चार फोटो, झालं काम. बाथरूम गळतं का हा त्याचा विषयच नाही. वकील बघतात ते कागद: मालकी, बोजा, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा उतारा), भोगवटा प्रमाणपत्र. ते बघायलाच हवेत, पण कागद लख्ख असलेल्या इमारतीच्या कॉलममधलं स्टील गंजलेलं असू शकतं. एजंटबद्दल मी काही बोलत नाही. म्हणजे बघा, तीन-तीन माणसं येऊन गेली आणि टॉर्च घेऊन छताकडे एकानेही वर पाहिलं नाही.

मेहुण्याचा सल्ला योग्य आहे, फक्त तो तिकडचं घर डोळ्यांसमोर ठेवून बोलतोय. तिथे बहुतेक घरं लाकडी सांगाड्याची, स्वतंत्र, जमिनीसकट घ्यायची. न्यूजर्सीत तपासणाऱ्याला राज्याचं लायसन्स लागतं. तो छपरावर चढतो, तळघरात उतरतो, वाळवी बघतो, जमिनीतून घरात येणारा किरणोत्सारी रेडॉन वायू मोजायला लावतो, परसात तेलाची जुनी टाकी पुरलेली आहे का ते शोधायला सांगतो. आणि मोठं काही निघालं तर खरेदीतून बाहेर पडायची सोय साधारणपणे करारातच लिहिलेली असते. आपल्याकडे असलं लायसन्स नाही. कोणीही उद्या कार्ड छापून होम इन्स्पेक्टर होऊ शकतो.

त्याहून मोठा फरक पुढे आहे. तिकडे छप्पर, पाया, नळ सगळंच त्याच्या नावावर येतं. बिघडलं की तो माणूस बोलावतो आणि नीट करून घेतो. तुम्ही घेताय तो एका इमारतीचा तुकडा. टाइल्स तुमच्या, कॉलम सगळ्यांचे. टाइल तुम्ही उद्या बदलाल. कॉलमची दुरुस्ती करायची तर जनरल बॉडीत ठराव हवा, तीन कोटेशनं हवीत, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या ज्या गृहस्थांनी दोन वर्षं मेंटेनन्स भरलेला नाही त्यांचाही वाटा यायला हवा. म्हणून किल्ली हातात असली तरी पहिला पाऊण तास मी फ्लॅटमध्ये पाऊलच टाकत नाही.

मी पार्किंगमध्ये उभा राहतो. तिथे कॉलम उघडे असतात, पीओपी नाही, वॉलपेपर नाही. कॉलमच्या कोपऱ्यालगत वरून खाली सरळ गेलेली चीर शोधायची. तिच्यात तांबूस डाग असेल तर हातोडीने हलकेच ठोकायचं. चांगलं काँक्रीट खणखणीत वाजतं. सुटलेलं असेल तर फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज येतो. तो आवाज एकदा कानात बसला की विसरत नाही. काँक्रीट मुळात चांगलंच अल्कधर्मी असतं आणि त्यामुळेच आतलं स्टील गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरत जातो आणि तो गुण बाहेरून आत कमी होत जातो. तो थर स्टीलपर्यंत पोचला आणि सोबत ओल मिळाली की गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, आतून काँक्रीटला ढकलतो, आणि सळईच्याच रेषेत चीर पडते. म्हणून सळईला समांतर चीर दिसली की माझे कान टवकारतात. उलट प्लॅस्टरवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या केसाएवढ्या बारीक चिरा असतात, त्या बघून लोक घाबरतात. त्या बहुतेक वेळा प्लॅस्टर लवकर सुकल्याच्या असतात. पुट्टी मारा आणि विसरून जा.

पार्किंगमधून गच्ची. तुमचा वरचा मजला आहे, म्हणजे ही गच्ची हेच तुमचं छप्पर. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या गच्च्यांवर वीटतुकड्यांचा कोबा असतो. कोबा वाईट नसतो, पण एकदा त्याला चिरा पडल्या की पाणी आत शिरतं, विटांत मुरून बसतं आणि पाऊस संपून दोन महिने झाले तरी तुमच्या बेडरूमच्या छतातून बाहेर येत राहतं. पाण्याला उतार कुठे आहे, पाइपाच्या तोंडाशी जाळी आहे का, कठड्याच्या बुडाची गोलाई फुटली आहे का, हे बघायचं. कठड्यात पिंपळाचं रोप उगवलेलं असेल तर ते किती जाड आहे ते बघतो. करंगळीएवढं असेल तर सोसायटी आळशी आहे. मनगटाएवढं असेल तर सोसायटीच नाही, नुसता बोर्ड आहे.

मग पाण्याच्या टाकीखाली वाकून जायचं. इथे कोणी जात नाही, पॅंट खराब होते. टाकीखालचा स्लॅब हा इमारतीतला बऱ्याचदा सगळ्यांत आधी गंजणारा भाग, कारण तो कायम दमट. तिथे सळया उघड्या पडल्या असतील आणि कोणी हात लावलेला नसेल, तर बाकी इमारतीकडे ही माणसं कशी बघत असतील याचा अंदाज तिथेच येतो.

हे सगळं डोळ्यांनी. डोळ्यांपलीकडचं कागदात मिळतं, आणि तो कागद मागायचा तुम्हाला संकोच वाटेल, पण मागाच. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (म्हणजे सोसायटीच्या नियमावलीप्रमाणे) 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर 5 वर्षांनी आणि 30 वर्षांपुढच्या इमारतीचं दर 3 वर्षांनी करायचं असतं. तुमची इमारत 22 वर्षांची, म्हणजे निदान एक तरी रिपोर्ट निघालेला असायला हवा. तुम्ही अजून सभासद नाही, तेव्हा विकणाऱ्यांकरवी मागा. "केलंय ना, सेक्रेटरींकडे आहे" हे उत्तर नाही, कागद हवा. रिपोर्टात नुसते रिबाउंड हॅमरचे आकडे असतील तर फार खूश होऊ नका. ती चाचणी पृष्ठभागाचा टणकपणा मोजते, आणि जुन्या, कार्बन मुरलेल्या काँक्रीटचा पृष्ठभाग उलट जास्तच टणक लागतो. अल्ट्रासोनिक चाचणी, स्टीलच्या गंजासाठी हाफ सेल आणि कार्बन किती खोल मुरलाय ते दाखवणारी फिनॉल्फ्थॅलीनची चाचणी केली असेल तर त्या रिपोर्टात अर्थ आहे. या शेवटच्या चाचणीत ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर द्रव मारतात. जिथे गुलाबी होतं तिथे काँक्रीट अजून स्टीलला सांभाळतंय.

सोबत सोसायटीच्या वार्षिक सभांचे गेल्या तीन वर्षांचे वृत्तांत मागा आणि चहा घेत वाचा. "गळती" हा शब्द किती वेळा येतो ते मोजा. सिंकिंग फंडात, म्हणजे मोठ्या कामांसाठी साठवायच्या निधीत, किती शिल्लक आहे ते बघा. उपविधींप्रमाणे तो दरवर्षी बांधकाम खर्चाच्या निदान 0.25 टक्के जमा व्हायचा असतो आणि दुरुस्ती निधी 0.75 टक्के. 22 वर्षांनी तिथे खडखडाट असेल तर उद्याच्या मोठ्या दुरुस्तीचे पैसे घराघरातून गोळा होणार, आणि त्या घरांत आता तुमचंही घर असेल. विकणारे म्हणतील, "अहो, पाच-सात वर्षांत रिडेव्हलपमेंटला जाणारच आहे, कशाला काळजी करता?" वृत्तांतात ठराव असेल तर खरं. नसेल तर त्या जिन्यातल्या गप्पा.

यानंतर खालच्या मजल्यावरच्यांची बेल वाजवायची. माझ्या मते सगळ्या तपासणीतला सर्वांत मोलाचा पाव तास हाच. तुमच्या बाथरूमचा खरा रिपोर्ट खालच्यांच्या छताला टांगलेला असतो.

हे टांगलेला मी अलंकारिक म्हणत नाही. एका ऑगस्टमध्ये सिंहगड रोडला एका जोडप्यासाठी फ्लॅट बघायला गेलो होतो. आत शिरलो तर ताज्या रंगाचा वास. भर पावसाळ्यात घर रंगवायला कोणाला हौस आलेली असते? मास्टर बाथरूम चकाचक, नव्या टाइल्स. उंबऱ्यापाशी टेप लावली. बाथरूमची फरशी बेडरूमपेक्षा निदान बोटभर तरी खाली हवी, इथे जवळजवळ एका पातळीत. म्हणजे टाइलवर टाइल चिकटवलेली. दिसायला नवं, आतलं वॉटरप्रूफिंग तेच जुनं. मी खाली गेलो. एका काकूंनी दार उघडलं आणि विचारलं, "वरचे गेले का हो?" मी म्हटलं, अजून नाही. त्या म्हणाल्या, "मग या, बघून घ्या."

त्यांच्या बाथरूमच्या पीओपी छताला चौकोनी भोक पाडलेलं होतं. टॉर्च मारली तर वर स्लॅबला तारेने श्रीखंडाचा प्लॅस्टिकचा डबा टांगलेला, अर्धा किलोचा, झाकण काढलेला, आत तीन बोटं पाणी. काकू स्टुलावर चढून दर दोन दिवसांनी तो रिकामा करत होत्या, अडीच वर्षं. डब्याभोवती स्लॅबमधून चुना झिरपून पांढरे लोंबते तयार झालेले, आणि एका ठिकाणी काँक्रीटची खपली पडून सळई दिसत होती, काळपट तांबडी. वरच्या बाथरूमची नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे तिच्याखालच्या वाकड्या पाइपाच्या, सांध्यात गळत होती. त्यावर कितीही सुंदर टाइल लावली तरी पाणी कशाला थांबेल?

ते काम काय असतं सांगतो, म्हणजे "थोडी गळती आहे" या वाक्याची किंमत कळेल. दोन्ही थरांच्या टाइल्स फोडायच्या, खालच्या खोलगट स्लॅबमधला सगळा भराव काढायचा, ट्रॅप आणि पाइप बदलायचे, वॉटरप्रूफिंग करायचं, पाणी भरून दोन दिवस उभं ठेवायचं आणि काकूंच्या छताकडे बघत बसायचं. कोरडं राहिलं तर पुन्हा भराव, पुन्हा टाइल. शिवाय खालून काकूंचा स्लॅब दुरुस्त करायचा. अंदाज सव्वा लाखाचा काढला, तीन आठवडे वेगळे. फ्लॅटच्या आतल्या संडास-बाथरूममधून होणाऱ्या गळतीचा खर्च उपविधींप्रमाणे त्या त्या फ्लॅटवाल्यावर येतो, सोसायटीवर नाही. म्हणजे खरेदीखतावर सही होताच काकूंचा डबा या जोडप्याच्या नावावर चढणार होता.

त्यांनी घर घेतलंच. जागा त्यांना आवडली होती, शाळा जवळ होती, आणि पार्किंग-गच्चीत मला काही वावगं सापडलं नव्हतं. दोन लाख कमी करून घेतले आणि राहायला जायच्या आधी बाथरूम फोडलं. बाथरूमचा दोष हा घर सोडायचं कारण बहुतेक वेळा नसतोच, तो भाव करायचा मुद्दा असतो.

आता फ्लॅटच्या आत. इथलं बरंचसं तुम्हीही बघू शकता, म्हणून भरभर सांगतो. बाथरूममध्ये मगभर पाणी कोपऱ्यात ओता आणि ते नहाणीकडे जातं की दाराकडे ते बघा. मी खिशात काचेची गोटी ठेवतो, ती खोटं बोलत नाही. टाइल्सवर नाणं आपटत जा, पोकळ टाइल लगेच कळते. खिडक्यांच्या खाली, स्कर्टिंगच्या (भिंतीच्या बुडाशी लावलेल्या टाइलच्या पट्टीच्या) वर, कपाटांच्या मागे ओल मोजायचं मीटर लावतो. हे कपाटांमागचं मात्र तुमच्या हातून होत नाही, कारण लोकाच्या घरात कपाट ओढायचं धाडस होत नाही. माझ्याकडे थर्मल कॅमेराही आहे. त्याची जाहिरात फार होते. ओली जागा सुकताना थंड पडते, म्हणून ती वेगळ्या रंगात दिसते, एवढंच ते तंत्र. एसी चालू असलेल्या खोलीत तोच कॅमेरा वाट्टेल ते दाखवतो. मीटरने खात्री केल्याशिवाय नुसत्या रंगीत फोटोंवर विश्वास ठेवू नका.

वायरिंगवर मी जास्त वेळ घालवतो. 22 वर्षांपूर्वी घरात एक गीझर आणि एक फ्रिज असायचा. आता दोन एसी, मायक्रोवेव्ह, वॉशिंग मशीन, इंडक्शन. गीझर-एसीला चार चौरस मिलिमीटरची वायर हवी. सापडते अडीचची, कधी त्याहूनही बारीक. डीबीत, म्हणजे घरातल्या स्विचांच्या मुख्य पेटीत, 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का ते बघायचं, आणि असेल तर त्याचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का तेही. स्वयंपाकघरातला एक आणि बाथरूममधला एक सॉकेट मी उघडतोच. अर्थिंगची वायर न टाकता तिसऱ्या पिनेला न्यूट्रलचाच तुकडा जोडलेला मी कैक वेळा पाहिलाय. साध्या टेस्टरवर सगळं ठीक दिसतं. न्यूट्रल कुठे सुटला तर मात्र गीझरच्या पत्र्यावर थेट करंट येतो.

आणखी एक. जुना मंजूर नकाशा हातात धरून भिंती मोजायच्या. हॉल आणि स्वयंपाकघरातली भिंत काढून "ओपन किचन" केलंय का? बाल्कनी आत घेतलीय का? काढली ती वीटभिंत होती की तिच्यात कॉलम होता? हे फक्त तुमच्याच नाही, तळमजल्यावरच्या दुकानांचंही बघायचं. 25 जुलै 2017 ला घाटकोपरला सिद्धी साई ही चार मजली इमारत कोसळून 17 जण गेले, तेव्हा तळमजल्यावर नूतनीकरण चाललं होतं आणि त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. वर राहणाऱ्यांच्या फ्लॅटमध्ये त्या दिवशी कदाचित एकही दोष सापडला नसता. खालचं दुकान नवं-कोरं दिसलं तर आत जाऊन एखादी पेस्ट घ्या आणि कॉलम जागेवर आहेत का ते बघून या.

आता माझी फसगतही सांगतो. एका मार्चमध्ये बाणेरला फ्लॅट तपासला. मीटर सगळीकडे कोरडं. मी रिपोर्टात लिहिलं, "ओल नाही." जुलैत फोन आला. पश्चिमेकडची बेडरूमची भिंत बीमखालून स्कर्टिंगपर्यंत ओली, पोपडे सुटलेले, कपाटातल्या साड्यांना बुरशी. बाहेरून बीम आणि वीटभिंत यांच्या सांध्यात चीर होती, आणि पश्चिमेचा झोडपता पाऊस थेट आत येत होता. मी बाहेरच्या बाजूने ती भिंत पाहिलीच नव्हती, कारण त्या बाजूला नाला होता आणि जायला वाट नव्हती. दुर्बीण घेऊन पलीकडच्या रस्त्यावर उभा राहिलो असतो तर दिसली असती. फी परत देऊ केली, त्यांनी घेतली नाही. त्या न घेण्याचा मला जास्त त्रास झाला.

तेव्हापासून दुर्बीण गाडीत असते. "ओल नाही" हे वाक्य मी पुन्हा लिहिलेलं नाही. अमुक तारखेला अमुक जागी मीटरवर ओल दिसली नाही, एवढंच लिहितो. उन्हाळ्यात पावसाच्या खुणा शोधायच्या असतात: पडद्याच्या दांडीचे गंजलेले स्क्रू, खिडकीखालच्या स्विचबोर्डाच्या कडेची तांबूस रेघ, लाकडी चौकटीचं काळं पडलेलं बूड, एकाच भिंतीला आलेला वेगळा रंग. तपासणाऱ्याला भिंतीच्या आतलं, कॉलमच्या पोटातलं, लपलेल्या पाइपातलं दिसत नाही. जो सगळं दिसतं म्हणेल त्याला नेऊ नका.

निवड कशी करायची? त्याचा जुना रिपोर्ट मागा, नावं खोडलेला चालेल. प्रत्येक दोषाचा फोटो, जागा आणि मीटरचा आकडा असेल तर माणूस जागेवर गेलेला आहे. चाळीस पानांत तीस पानं "सामान्य सूचना" असतील तर सोडा. वॉटरप्रूफिंगची कामं घेणारा नको. त्याला प्रत्येक घर गळकं दिसतं. एजंटने सुचवलेला नको. त्याला एकही दिसत नाही. कॉलम-बीममध्ये गडबड वाटली तर साध्या सिव्हिलवाल्याने तिथे थांबून स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे बोट दाखवलं पाहिजे. मीही तेच करतो. माझी फी दोन बीएचकेला नऊ हजार. तुमच्या व्यवहारात पुण्याच्या 7 टक्क्यांनी मुद्रांक शुल्कच 7 लाख 35 हजार होतंय, नोंदणीचे 30 हजार वेगळे. खरेदी घरातल्या बाईंच्या एकटीच्या नावावर केलीत तर एक टक्का सुटतो, ते सासऱ्यांना जरूर सांगा, पैसे तिथे वाचतील.

रिपोर्ट आला की त्यातल्या गोष्टी मी टाकतो तशा तीन ढिगांत टाका. नळ, बिजागऱ्या, पोकळ टाइल्स हा पहिला ढीग, त्यावर बोलूच नका. बाथरूम, वायरिंग, खिडक्या हा दुसरा. त्यातल्या दोनच मोठ्या बाबी कंत्राटदाराच्या लेखी अंदाजासह विकणाऱ्यांपुढे ठेवा. सगळा रिपोर्ट आपटलात तर "आम्ही वीस वर्षं राहिलो, आम्हाला काही झालं नाही" इथेच बोलणं संपेल, आणि त्यात त्यांचं काही चुकणार नाही. तिसरा ढीग इमारतीचा: गंजलेले कॉलम, टाकीखालचा स्लॅब, रिकामा फंड, न झालेलं ऑडिट. यातल्या कशालाही भावात सूट हे उत्तर नाही, कारण मिळालेली सूट घेऊन तुम्ही एकटे तो कॉलम दुरुस्त करू शकत नाही. तिथे दोनहून जास्त ओळी आल्या तर मी स्पष्ट लिहितो की दुसरं घर बघा.

नव्या फ्लॅटचं गणित वेगळं असतं, ते एका परिच्छेदात सांगतो कारण कोणीतरी विचारेलच. रेराच्या, म्हणजे बिल्डरांवर बंधनं घालणाऱ्या कायद्याच्या, कलम 14 प्रमाणे ताबा दिल्यापासून 5 वर्षांत बांधकामातला दोष कळवला तर बिल्डरने तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. म्हणून तिथे तपासणी करायची ती दोषांची तारखेनिशी नोंद राहावी म्हणून. ताबापत्रावर "सर्व काही समाधानकारक मिळाले" असं छापलेलं असतं. त्याच्यावर सही करताना दोषांची यादी सोबत जोडा आणि पोच घ्या. तुमच्या 22 वर्षांच्या इमारतीला ही पाच वर्षांची ढाल नाही. जे आहे ते तुमचं.

राहिला मुहूर्त. विसार देण्याआधी तपासणी झाली तर उत्तम, पण आजकाल विकणारे टोकन घेतल्याशिवाय इंजिनिअरला घरात घेत नाहीत. मग टोकन छोटं द्या आणि विसारपावतीत वकिलांकडून एक ओळ घालून घ्या: तपासणीत संरचनेचा गंभीर दोष निघाला तर रक्कम परत. बहुतेक लोक तयार होतात. जे अजिबात तयार होत नाहीत, त्यांच्या पार्किंगमध्ये मी जरा जास्त वेळ उभा राहतो.

दिवस ठरवताना रविवार सकाळ घ्या. खालचे घरी असतात, आणि सगळ्या इमारतीत एकदमच गीझर आणि नळ चालू असल्याने वरच्या मजल्यावर पाण्याचा दाब किती पडतो तेही कळतं. विकणाऱ्यांना आदल्या दिवशी फोन करून बाथरूमला लागून असलेलं कपाट तेवढं रिकामं करून ठेवायला सांगा. आणि खालच्यांकडे जाताना हातात काहीतरी खाऊ असू द्या. घर घेतलंत तर पुढची वीस वर्षं त्यांच्या डोक्यावर तुमचं पाणी असणार आहे.